तानसाकाठचे परदेशी शेजारी

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड कानात येते आणि अलीकडे रस्त्याकडेची गोदामांची रांग डोळ्यांसमोर येते. हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवलं. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, नंतर बिहार, बंगाल, ओडिशातून कामगार येत राहिले. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी ही इथली जुनी मंडळी त्यांच्या शेजारी राहायला शिकली. हे सगळं गोडीगुलाबीनंच झालं असं नाही. १९७० आणि १९८४च्या दंगली शहर विसरलेलं नाही. पण परका माणूस भिवंडीला नवा नाही.

याच तालुक्याच्या उत्तरेला, तानसा नदीच्या खोऱ्यात, परक्यांची आणखी एक वस्ती झाली. ही माणसं पोटासाठी आलेली नव्हती. न्यूयॉर्क, पॅरिस, मेलबर्नकडची चांगली नोकरी सोडून, कुणी शिक्षण अर्ध्यावर टाकून, कुणी मोडलेला संसार मागे ठेवून ती गणेशपुरीत आली. भातखाचरांच्या मधोमध राहिली, साडी नेसायला, मांडी घालून जेवायला, उजाडायच्या आत उठून संस्कृत स्तोत्रं म्हणायला शिकली. कुणी महिनाभर राहिलं, कुणी अर्धं आयुष्य. त्यांच्या गुरूंवर, त्यांच्या साधनेवर खूप लिहिलं गेलं. कुंपणापलीकडच्या गावाशी त्यांचं नातं कसं होतं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

भिवंडी-वाडा रस्त्यानं अंबाडी नाक्यावर आलं की डावीकडे फाटा फुटतो. तिथून पुढे वज्रेश्वरी. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी इथल्या देवीला केला आणि १७३९मध्ये वसई पडल्यावर तो फेडला, ही कथा इथलं शाळकरी पोरही सांगतं. बावन्न पायऱ्या चढून गेलं की टेकडीवर ते किल्ल्यासारखं देऊळ. खाली अकलोली आणि पुढे गणेशपुरी, दोन्हीकडे जमिनीतून उकळत येणारी गरम पाण्याची कुंडं. संधिवातानं आखडलेले गुडघे घेऊन मुंबई-ठाण्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. खोऱ्याच्या वरच्या अंगाला तानसा धरण आहे, १८९२पासून मुंबईला पाणी पाजणारं. म्हणजे मुंबईचा या खोऱ्याशी संबंध जुनाच. वारली, कातकरी, मल्हार कोळी, कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. चार महिने धो-धो पाऊस, मग भात, मग मजुरीसाठी पायपीट.

भगवान नित्यानंद इथे आले ते १९३६च्या सुमारास, केरळातल्या कान्हनगडहून. अंगावर लंगोटी, बोलणं जवळजवळ नाहीच. भीमेश्वराच्या देवळाजवळ, कुंडांच्या शेजारी ते राहिले. तेव्हा भोवती रान होतं. मुंबईतले उडुपी हॉटेलवाले शेट्टी, कोकणी सारस्वत कुटुंबं, गुजराती व्यापारी असे भक्त गोळा होत गेले आणि रानाचं गाव झालं. गणेशपुरीत आजही चालणारं बालभोजन ही त्यांचीच रीत. पाड्यांवरची मुलं येऊन पंगतीत बसतात आणि पोटभर जेवून जातात. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगायची, कारण पुढे जे परदेशी आले त्यांना तयार नमुना मिळाला तो हाच: बाहेरचा माणूस या गावात राहायला आला तर त्यानं आधी मुलांच्या ताटाकडे बघायचं.

१९५८मध्ये न्यूयॉर्कहून एक जण आला. अल्बर्ट रुडॉल्फ, सगळे त्याला रुडी म्हणत. मॅनहॅटनमध्ये आशियाई मूर्ती आणि जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा हा जाडजूड ज्यू माणूस नित्यानंदांसमोर बसला आणि त्याचं आयुष्य बदललं, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. तिकडे परतून त्यानं स्वतःचे शिष्य केले आणि १९७३मध्ये एका छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला. गणेशपुरीचा पत्ता अमेरिकेत पोहोचवणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

नित्यानंदांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी देह ठेवला. त्याआधी, १९५६मध्ये, त्यांनी आपल्या एका शिष्याला गावाबाहेर गावदेवीजवळ तीन खोल्यांची जागा दिली होती. हा शिष्य म्हणजे स्वामी मुक्तानंद. जन्म मंगळुरूकडचा, १९०८चा. तरुणपणी भटकंती करता करता येवला आणि चाळीसगाव भागात बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी अंगवळणी पडलेली. ज्ञानेश्वर आणि तुकाराम त्यांच्या बोलण्यात सतत यायचे. तीन खोल्यांचा तो श्रीगुरुदेव आश्रम वाढत वाढत पुढे गुरुदेव सिद्धपीठ झाला. बागा झाल्या, पुतळे उभे राहिले, हत्तीसुद्धा आला.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस परदेशी येऊ लागले ते दोन वाटांनी. एक वाट रस्त्याची. लंडनहून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत बसनं भारतात येणारी तरुण पोरं त्या काळी हजारोंनी होती. काही हिमालयात गेली, काही गोव्यात, काही इकडे वळली. १९७९मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. दुसरी वाट मुक्तानंदांनी स्वतः बांधली. १९७०, १९७४ ते ७६ आणि १९७८ ते ८१ असे तीन जागतिक दौरे त्यांनी केले. ते हिंदीत बोलायचे, शेजारी दुभाषा इंग्रजी करायचा. पुढे हे काम मालती शेट्टी या मुंबईतल्या हॉटेलचालकाच्या मुलीकडे आलं. लहानपणापासून आईबापांबरोबर गणेशपुरीला येणारी ही मुलगी नंतर गुरुमाई चिद्विलासानंद झाली. १९७४मध्ये अमेरिकेत संस्था नोंदली गेली, कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्क राज्यात आश्रम निघाले आणि तिथून विमानानं लोक सरळ तानसाकाठी येऊ लागले. मुंबईचा विमानतळ इथून काही तासांवर होता, ही सोय मोठी होती. ब्रिटन, कॅनडाच्या माणसांना तर १९८४पर्यंत भारतात यायला व्हिसासुद्धा लागत नसे.

आश्रमातला दिवस कडक. उजाडायच्या आत ध्यान, मग गुरुगीता. मुक्तानंदांच्या या परंपरेतली, म्हणजे सिद्धयोगातली, गुरुगीता १८२ श्लोकांची, म्हणायला तास-सव्वा तास लागतो. परदेशी साधकाच्या हातातल्या पोथीत एका श्लोकाची तीन रूपं असत: वर देवनागरी, खाली रोमन लिपीत डोक्यावर-पायाशी टिंबं-रेघा दिलेली अक्षरं, आणि मग इंग्रजी अर्थ. त्या टिंबांवर बोट ठेवून ट आणि त, ण आणि न वेगळे म्हणायला शिकलेली माणसं वर्षभरात सगळं स्तोत्र तोंडपाठ म्हणत. मग सेवा. कुणी भांडी घासायचं, कुणी भाजी चिरायची, कुणी बागेत खत घालायचं. हार्वर्डचा पदवीधर आणि घर सोडून आलेला अठरा वर्षांचा पोरगा एकाच परातीतले तांदूळ निवडत बसायचे. अधूनमधून सात दिवसांचा नामसप्ताह, रात्रंदिवस अखंड. आपल्याकडे गावोगाव होतो तसाच; फरक इतका की फेर धरणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच माणसं असायची.

मुक्तानंद अनेकांना भारतीय नावं देत. गावातल्या वाण्यापुढे मग उमा किंवा अर्जुन असं नाव सांगणारी निळ्या डोळ्यांची माणसं उभी राहत. साडी नेसणं, चप्पल बाहेर काढणं, देवाकडे पाय न करणं, उजव्या हातानं जेवणं, मोठ्यांना वाकून नमस्कार करणं हे सगळं ती शिकली, आणि मनापासून शिकली. हे नुसतं सोंग होतं म्हणणं अन्यायाचं होईल. पण शिकली ते आश्रमाकडून, संस्कृत आणि हिंदीच्या वाटेनं. ज्यांना शंभर श्लोक पाठ होते त्यांना दुकानात पाव किलो टोमॅटो मागता येत नसत. कारण गुरूची भाषा हिंदी, पोथीची संस्कृत, आपसांतली इंग्रजी. दाराबाहेरची मराठी कुठेच आडवी येत नव्हती.

इथे थोडं थायलंडकडे बघायला हवं, कारण पाश्चात्त्य माणूस आशियातल्या खेड्यात राहायला गेला की काय होतं, याचा आजचा सगळ्यात मोठा नमुना तिथे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसानं बँकेत आठ लाख बाट दाखवले की त्याला निवृत्तीचा व्हिसा मिळतो. थाई बायको असेल तर चार लाख पुरतात. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि परदेशी पाहुणा घरात ठेवला तर घरमालकानं चोवीस तासांत सरकारला सांगायचं. जमीन त्याच्या नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही एकूण जागेच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणून ईशान्येकडच्या इसान भागात शेकडो खेड्यांत असं दिसतं: पेन्शनीत निघालेला इंग्रज किंवा जर्मन गडी, त्याच्या पैशांनी बांधलेलं पक्कं घर, आणि सातबारा म्हणा त्याच्या बायकोच्या नावावर. लग्नाच्या वेळी मुलीच्या आईबापांना रीतसर रक्कम द्यावी लागते. त्यानंतर सासूचं औषधपाणी, मेव्हण्याची मोटारसायकल, भाच्याची फी, देवळाला वर्गणी, सगळं त्याच्यापर्यंत येतं. यावरून कुरकुर होते, फसवल्याच्या तक्रारी होतात, संसार मोडतातही. पण एक गोष्ट घडते. तो माणूस गावाचा जावई होतो. त्याला सासुरवाडी मिळते. गावातलं लहान पोर त्याला वयाप्रमाणे काका किंवा आजोबा म्हणतं, आणि मयताला तो गेला नाही तर लोक विचारतात, का आला नाही?

गणेशपुरीतल्या परदेशी माणसाला सासुरवाडी नव्हती. त्याला गुरू होता. आश्रमात ब्रह्मचर्याचा नियम, पुरुष आणि बायकांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या, गावात उगाच हिंडू नये अशी शिस्त. गुरूच्या वाटेनं आलेल्या माणसाचं नातं सरळ वर जुळतं, शेजारी आडवं पसरत नाही. थाई खेड्यातला परदेशी भाषेत कच्चा असला तरी नात्यागोत्यात अडकलेला असतो. इथला ज्ञानेश्वरांचं नाव घेत होता, पण समोरच्या पाड्यावर कुणाच्या घरी बाळंतपण आहे हे त्याला माहीत नसायचं.

याला पहिला छेद दिला तो भाड्याच्या खोल्यांनी. ज्यांना आश्रमात जागा नव्हती किंवा आश्रमाची शिस्त झेपत नव्हती, त्यांनी गावात खोल्या घेतल्या. गणेशपुरीत यात्रेकरूंसाठी लॉज आणि धर्मशाळा आधीपासून होत्याच, त्यात महिनोन्‌महिने राहणारं गिऱ्हाईक आलं. १९७०च्या दशकात एका डॉलरला साताठ रुपये मिळत. अमेरिकेत वेटरचं काम करून सहा महिने साठवलेल्या पैशांत इथे वर्ष निघायचं. घरात परदेशी माणूस ठेवला की कायद्याचं कामही आलं. चोवीस तासांत सी-फॉर्म भरायचा: नाव, पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, कुठून आला, इथून कुठे जाणार. पूर्वी हा कागद हातानं भरून पोलिसांकडे द्यावा लागे, आता ऑनलाइन जातो. व्हिसा १८० दिवसांहून लांबीचा असेल तर परदेशी माणसानं आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची. थायलंडचा नियम आणि आपला नियम यांत किती साम्य आहे पाहा. जमिनीचंही तेच. १९४८च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, मग तो परदेशी असो की दादरचा. त्यामुळे तानसाकाठी कुणाला कितीही वाटलं, इथे तुकडा घेऊन घर बांधावं, तरी बहुतेकांना भाडेकरूच राहावं लागलं.

भाडेकरूला मात्र शेजार असतो. नळाला पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात कौलं कुठे गळतात, गॅस संपला तर कुणाला सांगायचं, हे आश्रमवासीयाला विचारावं लागत नाही. भाडेकरूला रोज विचारावं लागतं. ताप आला की घरमालकीणच पेज आणून देते. तोडकीमोडकी का होईना, मराठी यायला लागते ती अशा वेळी.

दुसरा छेद दवाखान्याचा, आणि हा फार मोलाचा. १९७०च्या दशकाच्या शेवटी मुक्तानंदांनी खोऱ्यातल्या गावांसाठी फिरता दवाखाना सुरू केला. १९९२मध्ये गुरुमाईंच्या पुढाकारानं प्रसाद नावाची वेगळी सेवासंस्था अमेरिकेत स्थापन झाली, तिचं भारतातलं काम प्रसाद चिकित्सा या नावानं तानसा खोऱ्यात चालतं. लहान मुलांना दूध, दातांचा दवाखाना, क्षयरोग आणि एचआयव्हीचे रुग्ण, शेतीतले छोटे प्रकल्प, आणि डोळ्यांची शिबिरं. दंतवैद्य, परिचारिका, नेत्रतज्ज्ञ परदेशांतून स्वखर्चानं येऊन इथे राबले.

मोतीबिंदूच्या शिबिराचं काम कसं चालतं ते जवळून पाहिलं की हा शेजार समजतो. आधी पथकं पाड्यापाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांचे डोळे तपासतात. ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांची यादी होते, ठरल्या दिवशी गाडी येऊन त्यांना घेऊन जाते. साखर आणि रक्तदाब बघायचा. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच्या वर कपाळावर खूण करायची, कारण इथे चूक परवडत नाही. पापण्या साफ करायच्या, थेंब घालायचे, पुन्हा घालायचे, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवायचं. जन्मात कधी दवाखान्याच्या गादीवर न झोपलेली कातकरी आजी अशा वेळी घाबरून हात घट्ट धरते, आणि तो हात कुणाचा आहे, गोरा की काळा, हे तिला दिसत नसतं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते. काळा चष्मा, थेंबांची बाटली, दिवसातून किती वेळा घालायचे याची चित्रं काढलेली चिठ्ठी. चुलीजवळ बसू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका, ओझं उचलू नका. हे सगळं समजावणारं माणूस मराठी बोलणारंच लागतं. म्हणून इथे परदेशी आणि गावातली मुलगी यांची जोडी जमते: एकाच्या हातात उपकरण, दुसरीच्या तोंडी आजीला पटेल अशी भाषा. सत्संगात न घडलेली ओळख अशी थेंबांच्या बाटलीपाशी घडली.

या सगळ्या चित्रात एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मुक्तानंद २ ऑक्टोबर १९८२ रोजी गणेशपुरीत वारले. पुढच्याच वर्षी विल्यम रॉडारमोर या पत्रकारानं अमेरिकेतल्या ‘कोइव्होल्यूशन क्वार्टर्ली’ नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला. जुन्या अनुयायांच्या हवाल्यानं त्यात तरुण शिष्यांशी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप होते. १९९४मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिस हॅरिस यांनी पुन्हा या संस्थेवर सविस्तर लिहिलं. संस्थेनं हे आरोप मान्य केलेले नाहीत. दरम्यान १९८५मध्ये गुरुमाई आणि त्यांचे भाऊ, दोघंही गादीचे वारस नेमलेले, यांच्यात फूट पडली आणि भावाला गादी सोडावी लागली. या लेखांमध्ये जे बोलले ते जवळजवळ सगळे परदेशी होते. घरापासून हजारो मैलांवर, एकाच माणसाच्या शब्दावर आपलं जगणं सोपवलेलं, बाहेर भाषा येत नाही, गावात ओळख नाही, अशा माणसाला काही खुपलं तर त्यानं जायचं कुणाकडे? एखादी शेजारीण असती, जिच्या ओट्यावर बसून रडता आलं असतं, तर निदान एक दार उघडं राहिलं असतं. शेजार नसणं हा नुसता एकटेपणा नाही. त्यात धोकाही आहे.

आणि तरीही सगळ्यांची कहाणी एकसारखी नाही. सॅली केम्पटन ही न्यूयॉर्कची पत्रकार, १९७०मध्ये ‘एस्क्वायर’मध्ये स्त्रीमुक्तीवर खळबळजनक लेख लिहिलेली. १९७४मध्ये ती मुक्तानंदांना भेटली, १९८२मध्ये संन्यास घेऊन स्वामी दुर्गानंद झाली, २००२मध्ये भगवी वस्त्रं उतरवून पुन्हा सॅली केम्पटन म्हणून ध्यान शिकवू लागली आणि २०२३मध्ये वारली. मराठी वाचकाला जास्त जवळची वाटेल ती स्वामी कृपानंद. या परदेशी संन्यासिनीनं ज्ञानेश्वरी इंग्रजीत आणली. १९८९मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनानं ती छापली. तिला प्रस्तावना आहे शं. गो. तुळपुळे यांची. तुळपुळे यांच्यासारख्या चोख संशोधकानं ज्या कामाला आपलं नाव जोडलं, ते श्रद्धेच्या भरात केलेलं काम नव्हे. तानसाकाठच्या परदेशी वस्तीनं मराठीला परत काय दिलं, असा हिशेब कुणी मांडायला बसलं तर हे पुस्तक जमेच्या पहिल्या ओळीत येईल.

 

परदेशी माणसानं मराठी मुलखात मुळं धरायची तर आणखी दोन वाटा आहेत, आणि दोन्हींची उदाहरणं एकाच गावात सापडतात. ते गाव फलटण. अमेरिकेतली एलिझाबेथ लंडी १९३०च्या सुमारास भारतात आली आणि विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. तिनं १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. अपंग रुग्णाला पुन्हा स्वतःच्या हातानं जेवता, कपडे घालता, काम करता यावं यासाठीची ही विद्या या देशात तिनं रुजवली. निंबकरांचं घर पुढे फलटणला स्थिरावलं. इरावती कर्वे यांची मुलगी जाई त्या घरात सून म्हणून आली. म्हणजे ही वाट सुनेची, थायलंडमधल्या जावयाच्या वाटेसारखीच नात्यातून जाणारी.

दुसरी वाट भाषेची. मॅक्सीन बर्नसन १९६०च्या दशकात फलटणला आल्या त्या तिथल्या मराठीचा अभ्यास करायला. कुठल्या जातीची, कुठल्या आळीची माणसं कोणता शब्द कसा उच्चारतात हे ऐकायचं म्हणजे ओट्याओट्यांवर बसावं लागतं, दळणाच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्यांनी जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं, व्याकरण, कोश केले. १९७८मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. मंगळवार पेठेतल्या वाचता न येणाऱ्या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८४मध्ये नोंदली गेली, आणि पुढे निघालेल्या शाळेला नाव दिलं कमला निंबकर बालभवन. गावातल्या पोरांनी त्यांना मॅक्सीनमावशी केलं. गुरू नाही, नवरा नाही; बाईंनी आधी भाषा धरली आणि भाषेनं त्यांना गाव दिलं.

तानसाकाठी आज परदेशी माणसं थोडी दिसतात. गुरुमाईंचा मुक्काम बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत असतो. सिद्धपीठात पूर्वीसारखी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ नाही. तिथे राहायला जाणारे मोजके साधक असतात. ज्या गावानं एके काळी परदेशी गिऱ्हाइकासाठी पाव, पीनट बटर आणि जाड गाद्या ठेवल्या, ते पुन्हा मुख्यतः मुंबई-ठाण्याच्या भाविकांवर चालू लागलं आहे. नित्यानंदांच्या समाधीला गर्दी आहे, गुरुपौर्णिमेला तर पाय ठेवायला जागा नसते. काही जुने परदेशी मात्र परत येत राहतात, केस पिकलेले, काठी घेतलेले, तीच खोली मागणारे. खोऱ्यातली तरुण पोरं आता पहाटे उठून भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात, परदेशी कंपन्यांची खोकी उचलायला. प्रसादचा दवाखाना चालू आहे आणि तिथे काम करणारे बहुतेक सगळे इथलेच आहेत.

इंग्रजीत गणेशपुरीच्या आठवणींची पुस्तकं एका फळीवर मावणार नाहीत. कवी पॉल झ्वाइगनं लिहिलं, रुडीनं लिहिलं, निवृत्त नौदल अधिकारी हटंगडींनी नित्यानंदांचं चरित्र लिहिलं, अभ्यासकांनी संस्थेचा जाडजूड इतिहास लिहिला. या पुस्तकांत गुरूचा प्रत्येक कटाक्ष नोंदलेला आहे. भांडी घासायला येणारी बाई, माळीकाम करणारा वारली गडी, एसटीतून उतरलेल्या भांबावलेल्या पोराला चहा पाजणारा टपरीवाला क्वचितच येतो, आला तर ‘स्थानिक’ म्हणून येतो. ही माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत. त्यांनी जे पाहिलं ते मराठीत, त्यांच्याच आगरी-कुणबी वळणाच्या मराठीत, लिहून घेण्याची ही शेवटचीच वेळ आहे. भिवंडीत बी. एन. एन. महाविद्यालय आहे, तिथले विद्यार्थी याच गावांतून येतात. प्रत्येकानं आपल्या आजीसमोर ध्वनिमुद्रण करायला बसावं आणि विचारावं: घरात पहिला परदेशी भाडेकरू कधी आला? त्याला काय म्हणून हाक मारायचात? त्याच्यासाठी स्वयंपाकात काय बदललं? भाडं थकवून कोण पळालं, आणि कुणी जाताना शिलाई मशीन ठेवून गेलं? लग्नाला बोलावलं होतं का, आणि आला होता का? आश्रमात कामाला जायचात तेव्हा पगार किती होता, आत कोण काय बोलायचं? कुणाचं काही वाईट झालं ते तेव्हा गावाला कळलं होतं का? आणि अजून पत्र येतं का, की फोन येतो, आणि आला तर तुम्ही कुठल्या भाषेत बोलता?